देहभार आणि उपवास



गेल्या नवरात्रात सप्तमीच्या रात्री आमच्या सभामंडपात जे घडले, ते आपणांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. आरतीचे ताट फिरत असता स्त्रियांच्या बाजूस एकाएकी गलबला झाला. मंडळाच्या एक जुन्या सभासद भगिनी, ज्यांना आपण सारे अक्का म्हणतो, खांबाला टेकून बसल्या होत्या, त्या तशाच खाली घसरल्या. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत असलेले, बोलणे असंबद्ध. कोणी म्हणाले अंगात आले. कोणी अंगारा लाविला. एकीने तर ओटीचे साहित्य आणण्यास मुलीला पिटाळले. सुदैवाने निपाणीहून दर्शनास आलेले एक तरुण डॉक्टर मंडपात होते. त्यांनी गर्दी बाजूस सारली आणि पहिला प्रश्न केला तो हा : "अक्का, सकाळची साखरेची गोळी घेतलीत काय?"

"घेतली की रे बाळा. औषध चुकवायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आणि खाल्लं काय?"

"काही नाही. उपवास आहे की."

डॉक्टरांनी अर्ध्या भांड्यात पाणी घेऊन त्यात चहाचे तीन चमचे साखर विरघळविली आणि ती घोट घोट पाजली. पावघटकेत अक्का सावध झाल्या, आणि आपल्यामुळे आरती खोळंबली म्हणून हळहळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी विचारपूस करण्यास गेलो. निघता निघता त्या सहज बोलून गेल्या, "नऊ दिवसांत देवीही पावते आणि अंगही उतरते, असे तुमच्याच अंकात वाचले होते." आम्ही घरी येऊन श्रावणाचा अंक काढून पाहिला. वाक्य होते. आमच्याच लेखणीचे होते. निर्जळी करणाऱ्या एका भक्ताची स्तुती करिता करिता, ओघात, कोणास न विचारता आम्ही ते लिहून गेलो होतो. चूक छापील आहे. तेव्हा तिची दुरुस्तीही छापील असावी, म्हणून या महिन्याचे निरूपण या विषयावर.

उपवास या शब्दाचा धातुगत अर्थ समीप राहणे असा आहे. भगवंताच्या समीप राहावयाचे, आणि त्या दिवशी रांधण्याजेवण्यातून सुटलेला वेळ नामस्मरणास लावावयाचा, एवढीच मूळ कल्पना. त्या शब्दात पोट नाही आणि वजनही नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास स्पष्टच सांगितले आहे की, जो अति खातो त्याला योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यालाही तो साधत नाही. आपण या उपदेशाचा पहिला अर्धा भाग लठ्ठ माणसाला ऐकवितो आणि दुसरा अर्धा गिळून टाकतो. सतराव्या अध्यायात तर याहून कडक शब्द आहेत. शास्त्रात न सांगितलेले घोर तप दंभाने करून जे देहातील भूतसमुदायाला आणि अंतरी वसणाऱ्या भगवंताला कृश करितात, त्यांचा निश्चय आसुरी समजावा, असा तेथील अभिप्राय आहे. अक्कांचा निश्चय आसुरी होता असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. तो भोळा होता. आणि त्या भोळेपणाला खतपाणी आम्ही घातले.

महाभारतात उद्योगपर्वात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि आठवे औषध. औषध घेणे जर व्रतात बसते, तर औषधाबरोबर जे घेतल्यावाचून ते औषधच विष होते, ते अन्नही व्रतात बसलेच पाहिजे. हा आमचा तर्क आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला आहे असे आम्हांस वाटत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातील साखर खाली आणितात. वरून अन्न गेले नाही तर ती वाजवीपेक्षा खाली जाते. मग घाम, थरथर, धडधड, भ्रम, आणि वेळीच सावरले नाही तर बेशुद्धी व त्यापुढचेही. असे कोणास झाले, आणि तो शुद्धीत असला, तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तत्काळ दवाखाना गाठावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रोगी, इन्सुलिन घेणारे, अशक्त वृद्ध आणि लहान मुले यांनी उपवास करू नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्रताच्या आधी, नंतर नव्हे, आपल्या डॉक्टरांस विचारावे. धर्मशास्त्राने बालक, वृद्ध व आतुर यांस नियमांतून सवलत दिलेली आहे. आपण देवापेक्षा कडक होण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. उपवासाने वजन उतरते की नाही? उतरते, पण काय उतरते ते पाहावे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. दोनतीन दिवस अन्न तोडले की प्रथम हा साठा खर्ची पडतो आणि त्याच्याबरोबर ते पाणी निघून जाते. काटा दोन किलो खाली आलेला दिसतो, आणि आपण प्रसन्न होतो. दसऱ्याच्या दिवशी पारणे केले की साठा भरतो, पाणी परत येते, काटा पूर्वस्थळी. चरबी मात्र थोडीशीच हललेली असते. उपवास लांबला, आणि डाळ, दूध, दही यांचीही ताटातून हकालपट्टी झाली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू हे देहाचे कमावते पुत्र. ते घटले की देहाचा रोजचा खर्चच घटतो, आणि पूर्वीइतकेच खाऊनही वजन पूर्वीपेक्षा लवकर चढते. वर्षानुवर्षे उपवास करून दरवर्षी थोडे थोडे स्थूल होत जाणारी माणसे आपण पाहतो ना? ती चोरून खातात असे म्हणून आपण त्यांची थट्टा करितो. पुष्कळदा ती चोरून खात नसतात.

याउलट दुसरा प्रकार आहे, त्याला आपल्या पूर्वजांनी एकादशी आणि दुप्पट खाशी असे नावच देऊन ठेविले आहे. फराळाची एक भरली थाळी घ्या. पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, एक बटाट्याची फोड, तीन चमचे तूप. हिशेब सहाशे उष्मांकांच्या घरात जातो. रोजच्या जेवणात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पालेभाजी आणि वाटीभर आमटी असली तर तो आकडा एवढाच, किंबहुना थोडा कमी भरतो. आणि त्यात चोथा आहे, प्रथिने आहेत, दुपारी चारपर्यंत पोट शांत राहते. साबुदाण्यात पिठूळ द्रव्यावाचून जवळजवळ काही नाही. शिवाय त्याला ऋषींचा आधार शोधू जाल तर तोही नाही. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, त्याचप्रमाणे बटाटा, रताळे, भुईमूग आणि हिरवी मिरची, हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. कोलंबस तिकडे गेला १४९२ साली. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पिके इकडे पोचली. वसिष्ठ-विश्वामित्रांनी खिचडी पाहिलीही नव्हती. साबुदाणा सोडा असे आम्ही सांगत नाही. आमच्या घरी तो होतो. तो खाल्ला म्हणून वजन उतरेल ही समजूत तेवढी सोडावी.

स्थूलपणाचा विचार पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकविला असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात देहाच्या आठ निंदित अवस्था सांगितल्या आहेत. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने केला आहे, आणि दोघेही एकाच पंक्तीस बसविले आहेत हे लक्षात घ्यावे. स्थूलपणाची कारणे देताना अतिभोजन, गोड, जड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांबरोबर चरकाचार्यांनी बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे आईबापांकडून आलेली देहाची घडण. आज जगातील वैद्यक हेच सांगते की, वजनाच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तेव्हा जाड माणूस तेवढा आळशी आणि खादाड, ही समजूत दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही मान्य नव्हती. उपाय सांगतानाही त्यांनी उपाशी मारण्यास सांगितले नाही. पचण्यास जड पण पुष्टी कमी देणारे अन्न द्यावे, असे म्हटले आहे. जव, मूग यांची नावे घेतली आहेत. भूक भागावी आणि भर पडू नये, अशी ती युक्ती आहे.

आता घरोघरच्या काही समजुती. त्या सर्वांचा समाचार घेण्यास अंक पुरणार नाही.

सकाळी ऊन पाण्यात मध आणि लिंबू घेतल्याने चरबी वितळते म्हणतात. चरबी म्हणजे तव्यावरचे लोणी नव्हे की ऊन लागताच वितळावे. लिंबात चरबी जाळणारे काही नाही. चहाऐवजी ते घेतले आणि चहातली दोन चमचे साखर वाचली, तर त्या वाचलेल्या साखरेचा लाभ होतो, एवढेच. आणि गंमत अशी की, मध तापवून किंवा उष्ण पदार्थाबरोबर घेऊ नये असे आयुर्वेदानेच बजावले आहे.

दुसरी समजूत गुळाची. निपाणी, संकेश्वर, कोल्हापूर हा सारा उसाचा पट्टा. गुळाविषयी आपल्याला माया असणे स्वाभाविक आहे. परंतु शंभर ग्रॅम साखरेचे उष्मांक सुमारे चारशे आणि शंभर ग्रॅम गुळाचे पावणेचारशेच्या वर. लोह थोडे अधिक, एवढ्यावरून मधुमेही माणसाने गुळाचा चहा निर्धास्त घ्यावा असे होत नाही. आमच्या एका स्नेह्यांनी तो वर्षभर घेतला. त्यांचा रक्तातील साखरेचा कागद आम्ही पाहिला आहे. अधिक लिहीत नाही.

तिसरी, भाताने वजन वाढते आणि भाकरीने उतरते. खानापूरकडचा माणूस भात खातो, चिकोडीकडचा भाकरी, आणि शेजारच्या कानडी घरी तीच भाकरी रोट्टी होते. तांदूळ, गहू, ज्वारी, कोणतेही धान्य शंभर ग्रॅम घ्या, उष्मांक साडेतीनशेच्या आसपासच भरतात. ज्वारीत चोथा अधिक असतो, आणि भाकरी चावावी लागते, म्हणून ती लवकर तृप्ती देते, हे खरे. पण चार भाकऱ्यांवर लोणी घालून जेवणाराने मूठभर भात खाणाराला नावे ठेवू नयेत. तुपातेलाचे तसेच. घरचे तूप अंगी लागत नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणत. ती मंडळी पहाटे उठून मोटेवर जात होती. तूप असो वा तेल असो, ग्रॅमला नऊ उष्मांक. विस्तवाजवळ भेदाभेद नाही.

पोटाभोवती पट्टा बांधून घाम काढल्याने पोट उतरत नाही. घाम म्हणजे पाणी, तांब्याभर पाणी प्याले की परत. केवळ पोटाचा व्यायाम केल्याने केवळ पोटाचीच चरबी जाते, हेही खरे नाही. देह चरबी कोठून काढावयाची ते आपणच ठरवितो, आपल्याला विचारीत नाही.

या सर्वांहून घातक समजूत एक आहे, आणि तिच्यावर आम्ही थोडे थांबणार आहोत. ती ही की, जो किडकिडीत दिसतो त्याला काही भय नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव काही वाचकांनी ऐकिले असेल. १९९३ सालापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास मांडिला. त्या माता शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुले साडेतीन किलोंची. आठशे ग्रॅमांचे हे अंतर कोठे पडले? आपल्या बाळाचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे मूल दिसावयास रोड आणि आतून चरबी राखून असलेले. अशा देहाला पुढे मधुमेहाचे भय अधिक. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा सांगत होता, आणि तो एका बाबतीत फसवीत होता.

म्हणून आपल्या लोकांसाठी माप वेगळे धरितात. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागिले म्हणजे जो आकडा येतो, तो भारतीयांत २३ च्या खाली असावा, आणि २५ च्या वर गेल्यास स्थूलपणा समजावा, असे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ठरविले. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन साधारण ४७ ते ५९ किलो, असा त्याचा अर्थ. त्याहूनही उपयोगी वस्तू म्हणजे शिंप्याची फीत. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी जी आकृती आपल्या बाजारपेठेत गादीवर बसलेली दिसते, आणि जिच्याकडे खात्यापित्या घरची म्हणून कौतुकाने पाहतात, तिने ही फीत अवश्य लावून पाहावी.

पुण्याच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे अधिक भरली. मेथी, राजगिरा, चाकवत. आपल्या शनिवारच्या बाजारात या जुड्या कवडीमोल जातात. गरोदर सुनेला डोहाळजेवणात पाच पक्वान्ने करणाऱ्या घरात एरवी तिच्या ताटात पालेभाजी आठवड्यातून किती वेळा पडते, हा प्रश्न सासूबाईंनी आपल्या मनास विचारावा. तिला खाऊ कमी घाल म्हणजे बाळंतपण सोपे जाईल, असे सांगणारी वडीलधारी स्त्री अजूनही आपल्या ओळखीत आहे. तिचा आदर राखून ते ऐकू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत असे दिसले की, देशातील शंभरांपैकी चोवीस स्त्रिया वाजवीपेक्षा जाड आहेत आणि सुमारे एकोणीस वाजवीपेक्षा कृश. एकाच देशात, पुष्कळदा एकाच वाड्यात. पण आपल्या पंक्तीत बोलणी कोणाला बसतात? लग्नाच्या वयाची मुलगी थोडी भरलेली असली, की पाहुणे उंबरा ओलांडण्याच्या आत कोणीतरी बोलते. मग ती मुलगी सोमवार धरते, गुरुवार धरते, संकष्टी धरते, आणि आपण म्हणतो, पोर किती देवाची आहे! आमच्या माहितीतील अशा एका मुलीच्या रक्तातील लोह इतके खाली गेले की तिला बाटली लावावी लागली. देवाच्या नावाने तिने जे केले ते देवासाठी नव्हते. आपल्या जिभांच्या भयाने होते. ज्या तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करण्याचे व्रत सांगितले, त्याचा पाठ आपल्या देवालयात होतो. अन्न खाणाराची निंदा करू नये, हे वेगळे सांगावयास हवे होते असे ऋषींना वाटले नसावे.

निपाणीच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तंबाखूच्या वखारीत आणि विड्यांच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले, अशा भगिनी मिश्री लावितात. भूक मरते आणि काम उरकते, असे त्या सांगतात. ते खरे आहे. तंबाखूने भूक दबते. पण त्या दबलेल्या भुकेची किंमत हृदय आणि तोंड देते, आणि गरोदर स्त्री असल्यास पोटातील बाळ देते. तंबाखूने बाळाचे वजन घटते. म्हणजे ज्या २.७ किलोंची चिंता आपण आत्ता केली, त्यांतूनही कापून देण्याचा हा व्यवहार. विडी वा मिश्री सोडल्यावर वर्षभरात चारपाच किलो वजन वाढू शकते, हेही आम्ही लपवीत नाही. त्या भयाने पुष्कळ जण सोडण्याचे टाळितात. वाढलेले चार किलो चालून उतरविता येतात. तोंडाचा कर्करोग चालून उतरत नाही.

जाहिरातींविषयी दोन शब्द. महिन्यात दहा किलोंची हमी देणारी चूर्णे आणि पुड्या आपल्या यात्रांतूनही विकल्या जातात, आणि पुडीवर देवाचे चित्र असते. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयास धोका आहे म्हणून २०११ साली भारतात बंद करण्यात आले. त्यानंतरही ते वनस्पतींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वजन उतरविण्याच्या औषधांत मिसळलेले परदेशी तपासण्यांत वारंवार सापडले आहे. पुडी घेतल्याने छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर तो औषधाचा गुण नव्हे. २०२५ साली वजन कमी करणारी, आठवड्यास एकदा टोचावयाची नवी इंजेक्शनेही आपल्या देशात विक्रीस आली. ती खरी औषधे आहेत आणि काही रोग्यांस त्यांचा मोठा उपयोग होतो. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीची वस्तू आहे, आणि थांबविल्यावर वजन पुष्कळदा परत येते. शेजारणीने घेतले म्हणून घेऊ नये.

मग करावयाचे काय, असे विचाराल तर उत्तर नीरस आहे. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, याहून वेगाने वजन उतरवू नये. ऐंशी किलोंच्या माणसाने चार ते आठ किलो उतरविले, तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत फरक दिसू लागतो. साठ किलोंवर येईपर्यंत काहीच पदरात पडत नाही असे नाही. जेवणात डाळ, उसळ, ताक, भाजी आधी वाढून घ्यावी, भात-भाकरी मागून. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत. एक घन अन्नाचा, एक द्रवाचा आणि एक मोकळा. मोकळा भाग नेमका कोठे सुरू होतो ते ज्याचे त्याने ओळखावे, पण चौथ्या आग्रहाच्या वेळी तो निश्चित संपलेला असतो. आणि चालावे. पूर्वी अनगोळ, वडगाव, शहापूर येथून माणसे श्रावण सोमवारी कपिलेश्वरास पायी येत. आता मंदिराच्या दारापर्यंत वाहन आणता यावे म्हणून भांडणे होतात. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारकरी ते टाळ वाजवीत, मिळेल ती भाकरी खात चालतो, आणि त्याला आपण व्यायाम करीत आहो याचे भानही नसते.

आता आमच्या स्वयंपाकघराकडे येतो. पूजेच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप समभाग, प्रत्येकी सव्वा किलो. वर दूध आणि केळी. पन्नास ग्रॅमांच्या द्रोणात सुमारे पावणेदोनशे उष्मांक भरतात, आणि तेवढे खर्ची घालण्यास झपझप पाऊण तास चालावे लागते. हे प्रमाण बदलण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि इच्छाही नाही; सव्वा हा सव्वाच राहील. परंतु प्रसाद ही कणाने घ्यावयाची वस्तू आहे, तिचे जेवण आपण केले. कार्यकारी मंडळाने सर्वानुमते ठरविल्याप्रमाणे येत्या पौर्णिमेपासून द्रोण लहान येतील. शनिवारच्या भजनानंतर कुंदा वाटण्याची जी पद्धत हल्ली पडली होती, तिच्याऐवजी फुटाणे व पेरू वाटले जातील. कुंद्यावर आमचा राग नाही, हे बेळगावात राहून निराळे सांगावयास नको. तो दिवाळीत मिळेल. उपवासाच्या दिवशी औषधे घेणाऱ्या भाविकांसाठी दुपारी बारा वाजता दूध, फळे आणि मुगाची पातळ खिचडी यांची पंगत ओसरीवर होईल, आणि त्या पंगतीत बसणाऱ्यास उपवास मोडला असे कोणी म्हणू नये. पहिल्या पंगतीस अक्का बसणार आहेत. त्यांनी स्वतः तसे सांगितले, आणि वाढण्याचे कामही त्यांनीच मागून घेतले आहे.

कोठीच्या खोलीत एक वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी आणि एक फीत ठेविली आहे. निपाणीचे ते डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा ते बारा तेथे बसण्यास कबूल झाले आहेत. खोलीचे दार लावून घेतले जाईल. एका वेळी एकानेच आत जावे, आपला आकडा आपल्यापाशी ठेवावा, आणि बाहेर बसलेल्या मंडळींनी तो विचारू नये.